जांबोटीच्या ओल्या डांबरावर बटण टायर : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, अलीकडच्याच एका पावसाळ्यातलं. ज्यांची गाडी, त्यांच्या संमतीने लिहितोय. त्यांचं नाव, ते जातात ती गावं आणि टायर बसवणारं दुकान, तिन्ही मुद्दाम गाळली आहेत. मी बेळगावात दुचाकी दुरुस्तीचं काम करतो. अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकली माझ्याकडे बऱ्याच येतात. ‘टायर बदलले आणि गाडी बिघडली’ ही तक्रार जून उजाडला की ठरलेली, आणि बहुतेक वेळा ती अर्धी खरी असते. त्यातली कुठली अर्धी खरी, हे शोधायला सहसा कुणी थांबत नाही. एक तर नवे टायर पडत्या भावात विकले जातात, नाहीतर ‘सवय होईल’ म्हणून माणूस तसाच घाट उतरतो. या प्रकरणात आम्ही थांबलो, म्हणून ते सविस्तर मांडतोय.

पार्श्वभूमी

चालकांचं वय चाळिशीच्या आत. राहायला बेळगावात, शहापूरच्या बाजूला. काम खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात, गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं. ते पदवीधर पशुवैद्य नाहीत, पण गावोगावी त्यांना ‘डॉक्टर’ म्हणूनच हाक मारतात. इथंही तेच नाव ठेवतो.

या कामाला वेळेचं बंधन आहे. जनावर सकाळी माजावर आलं तर संध्याकाळी भरवायचं, संध्याकाळी आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पाऊस आहे म्हणून उद्या येतो म्हटलं की माज निघून जातो आणि पुढच्या माजासाठी शेतकऱ्याला एकवीस दिवस थांबावं लागतं. त्यामुळे आषाढातल्या धारेतही डॉक्टरांना निघावंच लागतं. गाडीच्या कॅरिअरवर द्रव नायट्रोजनचं तीन लिटरचं भांडं असतं. आत उणे १९६ अंशांवर रेतमात्रा ठेवलेल्या असतात. भांडं उभंच राहायला हवं. गाडी आडवी झाली की नायट्रोजन सांडतो आणि त्यासोबत रेतमात्राही वाया जातात. दुसऱ्या कुणाला खरचटण्यावर निभावेल अशा पडण्याने यांचा आठवडा बुडतो.

रस्ता असा: बेळगावहून पिरनवाडी, किणये, कुसमळी करत जांबोटी, तिथून पुढे कणकुंबीच्या दिशेने. हाच रस्ता चोर्ला घाटातून गोव्यात उतरतो, म्हणून ट्रक, टेम्पो, पर्यटकांच्या गाड्या, सगळं त्यावर असतं. मलप्रभा उगम पावते ती कणकुंबीला, आणि त्या भागातला पाऊस बेळगाव शहरातल्या पावसाच्या कितीतरी पट. झाडीखालच्या वळणांवर डांबराला शेवाळ धरतं. रोपलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांना लागून शेतातली राड रस्त्यावर येते आणि पावसाने तिचा पातळ लाल थर पसरतो. मुख्य रस्ता सोडला की जांभ्या मातीच्या गाडीवाटा. काही दिवशी परतीला ते खानापूरवरून बेळगाव गाठतात, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ७४८, तिथं गाडी ८० ने चालते.

गाडी दुसऱ्या मालकाकडून घेतलेली रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११. वजन २०० किलोंच्या आसपास, पुढचा शॉकअप २०० मिलिमीटर खेळतो, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर. टायरचं माप पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७ (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, शेवटचा चाक इंचांत). चाकं स्पोकची, आत ट्यूब. हे २१ इंची चाक लक्षात ठेवण्यासारखं आहे. मोठं आणि अरुंद चाक खड्ड्यात कमी बसतं, दगडावरून सहज चढतं, चिखल कापत जातं. पण डांबरावर त्याचा टेकणारा पट्टा लहानच असतो. म्हणून २०२५ च्या आधीच्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरसारख्या डांबराकडे झुकलेल्या गाडीला पुढे १९ इंची चाक आणि १०० चा टायर दिसतो. हिमालयनच्या पुढच्या चाकाकडे डांबरावर उधळायला फारसं शिल्लक नसतं. तिथं टायरची निवड चुकली तर ती लगेच हातात जाणवते.

टायर का बदलले

आधीच्या पावसाळ्यात गाडीवर मूळ पद्धतीचे, रस्ता आणि कच्चा दोन्हीला चालणारे टायर होते, पण घासून गोटा झालेले. एका वाडीच्या चढावर मागचं चाक जागेवरच फिरलं, गाडी आडवी झाली, नायट्रोजन सांडला. डॉक्टरांनी तेव्हाच ठरवलं की पुढच्या पावसाआधी बटण टायर, म्हणजे चिखलासाठीचे उंच, सुट्या ठोकळ्यांचे टायर टाकायचे. मे महिन्याच्या शेवटी त्यांनी पुढे-मागे दोन्हीकडे खोल बटणांचे टायर बसवून घेतले.

हा निर्णय गाडी रुबाबदार दिसावी म्हणून घेतलेला नव्हता. अशा वेळी मेकॅनिक पटकन हसतात आणि तिथंच चुकतात. या माणसाला चिखलात पकड खरंच हवी होती. फक्त एक प्रश्न त्यांना दुकानात कुणी विचारला नाही: तुमचा चिखल किती, आणि ओलं डांबर किती?

तक्रार

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते माझ्याकडे आले. “अण्णा, गाडी माझं ऐकंना झालीय. पुढचं चाक कुठं हाय तेच कळंना झालंय.” विचारत गेलो तशा चार गोष्टी वेगळ्या झाल्या. खानापूर रोडला ७५-८० च्या मध्ये हँडल थरथरतं. त्याच वेगात ट्रक ओलांडून गेला की गाडी मागून डुलते. वळणात गाडी आधी झुकायला नाही म्हणते आणि मग एकदम आत पडते. आणि जांबोटीच्या अलीकडे, झाडीतल्या एका उजव्या वळणावर, ब्रेक न लावता, पुढचं चाक हातभर बाहेर सरकलं आणि परत धरलं. ते पडले नव्हते, पण दुसऱ्या दिवसापासून ते वळणं चाळीसच्या आत घेत होते आणि मागे बसायला वहिनी तयार नव्हत्या.

दुकानदाराने सांगितलं होतं, “हजार किलोमीटर चालवा, टायर बसतील.” यात थोडं तथ्य आहे. नव्या टायरवर साच्यातून काढताना वापरलेल्या द्रव्याचा बुळबुळीत थर असतो आणि पहिले शे-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवावे लागतात. पण डॉक्टरांची गाडी तोवर त्याच्या कितीतरी पुढे गेली होती.

पहिला निर्णय : सगळं एकदम बदलायचं की एकेक

डॉक्टर आले तेच टायर काढून टाकायच्या तयारीने. मी नको म्हटलं. ‘गाडी ऐकत नाही’ या एका वाक्यात चार तक्रारी होत्या आणि चारहींचं कारण एकच असेल असं मला वाटत नव्हतं. टायर काढताना चाक निघतं, हवा नव्याने भरली जाते, ॲक्सल नव्याने आवळला जातो. मग सुधारणा झाली तरी कशाने झाली ते कळत नाही आणि पुढच्या वर्षी तोच घोळ. म्हणून ठरलं: एका वेळी एकच बदल, त्यानंतर तोच रस्ता, तेच वजन, आणि मग पुढचा बदल. यात त्यांचा आठवडा मोडला. कामाच्या दिवसांत हे मागणं सोपं नव्हतं आणि त्यांनी ते ऐकलं, याचं श्रेय त्यांचं.

हवा पहिली. थंड टायरवर मोजली तर पुढे ३४ पीएसआय, मागे ३८. कंपनीचा आकडा एकट्याने चालवताना पुढे २५, मागे ३२. “जास्त हवा टाकलो तर पंक्चर होत नाही म्हणतात की,” डॉक्टर म्हणाले. हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. बटण टायरला तो साध्या टायरपेक्षा जास्त नडतो. एक तर बटणांमधली जागा मोकळी असल्याने टेकणारं रबर आधीच कमी. त्यात हवा जास्त झाली की टायर मध्यभागी फुगतो आणि मधल्या एक-दोन ओळीच तेवढ्या रस्त्यावर राहतात. हवा २५ आणि ३२ केली. थरथर कमी झाली, गेली नाही. वळणात गाडी एकदम पडायची ती मात्र बरीच निवळली.

दुसरं, पुढचा टायर रिमवर बसला कसा होता. प्रत्येक टायरच्या कडेला, रिमच्या अगदी लगत, गोल फिरणारी एक बारीक उठावदार रेघ असते. टायर नीट बसला असेल तर रिमच्या काठापासून तिचं अंतर सगळीकडे सारखं दिसतं. डॉक्टरांच्या पुढच्या टायरवर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला ती रेघ वीतभर लांबीत रिमखाली दडलेली होती. चाक उचलून हाताने फिरवलं की त्या जागी टायर स्पष्ट खाली जाताना दिसत होता. हवा सोडून, कडेला साबणाचं पाणी लावून, टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत राहून जास्त हवा भरली. कड ‘टप्प’ करून बाहेर आली आणि रेघ सारखी झाली. मग हवा परत २५ वर. टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बरोबर होता. टायरच्या कडेवरचे चार अंकही पाहिले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३२२ असेल तर २०२२ सालचा तेविसावा आठवडा. माल ताजा होता, जुनाट कडक रबराची शंका मिटली. या दुरुस्तीनंतर थरथर जवळपास संपली.

तिसरं, कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंगं. सेंटर स्टँडवर पुढचं चाक उचलून शॉकअपचे खालचे पाय धरून पुढे-मागे हलवले तर ‘टक’ असा सूक्ष्म खेळ जाणवत होता. चिखलात चालणाऱ्या आणि प्रेशर पंपाने धुतल्या जाणाऱ्या कुठल्याही गाडीचा कोनसेट ढिला होतो. गुळगुळीत टायरवर तो खेळ झाकून जातो. बटण टायर दर फेरीला हँडलला बारीक धक्के देत राहतो आणि तोच खेळ उघडा पाडतो. ग्रीस भरून कोनसेट आवळला.

चौथं, वजन. नायट्रोजनचं भांडं कॅरिअरच्या पार मागच्या टोकाला, म्हणजे मागच्या ॲक्सलच्याही मागे बांधलेलं होतं, आणि साहित्याची पेटी त्याच्यावर. भरलेलं भांडं पाच-सहा किलोंचंच, पण इतक्या मागे आणि इतक्या उंचीवर ते पुढचं चाक हलकं करतं. भांडं सीटच्या मागच्या भागावर, पट्ट्यांनी आवळून उभं, आणि पेटी खाली डाव्या बाजूला अशी मांडणी केली. ट्रक ओलांडताना होणारं डुलणं त्यानंतर थांबलं.

चारपैकी तीन तक्रारी टायर न बदलता सुटल्या. राहिली चौथी, आणि मला काळजी तिचीच होती.

टायरचा स्वतःचा वाटा

ओल्या डांबरावर पुढचं चाक सरकणं हवा, रेघ, कोनसेट, वजन यांपैकी कशानेही पूर्ण जाणार नव्हतं. खोल बटणाचा टायर चिखलात धरतो तो बटणांच्या कडांनी. मऊ मातीत बटण रुततं, माती त्या कडेला अडते, गाडी पुढे जाते. डांबरात बटण रुतत नाही. तिथं पकड येते ती रबर खडीच्या बारीक खाचांत दबून बसतं त्यातून. त्यासाठी टेकणारं रबर भरपूर हवं, मऊ हवं, आणि पाण्याची फिल्म तोडणाऱ्या बारीक चिरा हव्यात. उंच बटणांच्या टायरला यातलं पहिलं कमी असतं, तिसरं बहुधा नसतंच. शिवाय उंच बटण बाजूच्या जोराने मुळापासून लवतं, म्हणून वळणात गाडी आधी आळशी वाटते आणि मग झुकते. मधल्या ओळी संपून कडेच्या ओळी सुरू होण्याआधी जी मोकळी पट्टी असते, तिच्यावरून जाताना चालकाला पायरी उतरल्यासारखं वाटतं. कोरड्या डांबरावर हे सगळं चालून जातं, ओल्यावर तेवढी सवड मिळत नाही.

हे शब्दांत सांगून पटत नाही, म्हणून एका रविवारी पावसात उद्यमबागच्या बंद कारखान्यांमधल्या सरळ रस्त्यावर करून पाहिलं. ओळखीतल्या एकाच्या त्याच मॉडेलच्या गाडीवर मूळ पद्धतीचा, चांगल्या अवस्थेतला टायर होता. तिचं पुढचं चाक डॉक्टरांच्या गाडीला लावलं. ४० च्या वेगात ठरलेल्या विटेपाशी दोन्ही ब्रेक पूर्ण, गाडी थांबेल तिथं दुसरी वीट. मग चाक बदलून पुन्हा तेच. दरवेळी थोडं इकडे-तिकडे झालं, पण बटण टायरवर गाडी साधारण तिच्याच लांबीइतकी, म्हणजे दोन मीटरच्या पुढे जाऊन थांबत होती आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) लिव्हरमध्ये खूप लवकर थडथडायला लागत होतं. याला शास्त्रीय चाचणी म्हणता येणार नाही. पण डॉक्टरांनी दुसरी वीट स्वतः ठेवली, मधलं अंतर स्वतः पावलांनी मोजलं, आणि त्यानंतर चर्चेचा सूर बदलला.

त्याआधीच मी त्यांना एक वही करायला सांगितली होती. रोज घरी आल्यावर अंदाजाने लिहायचं: डांबर किती, फुटका रस्ता आणि खडी किती, खरा चिखल किती. दोन आठवड्यांची बेरीज त्यांनाच अनपेक्षित होती. शंभर किलोमीटरमागे ऐंशीच्या आसपास डांबर, पंधराएक फुटका रस्ता, आणि खरा चिखल पाचच्या आत. चिखल डोक्यात मोठा होता, कारण तिथं गाडी पडली होती. पण चिखलात त्यांचा वेग पंधरा-वीस. तिथं पडलं तर नुकसान होतं, माणूस उठून उभा राहतो. ओल्या डांबरावर ते साठने असतात, समोरून गोव्याचा ट्रक असतो. माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे: टायर निवडताना चिखलाची भीती मोजली जाते, ओल्या डांबराचे किलोमीटर मोजले जात नाहीत.

पर्याय

पहिला, दोन्ही बटण टायर ठेवायचे, हवा आणि वेग सांभाळायचा. खर्च शून्य. पण घाईच्या संध्याकाळी, अंधारात, शेवाळलेल्या वळणावर रोज वेग आठवून कमी करायचा, हे दुसऱ्याला सांगायला सोपं आहे. मी याला विरोध केला.

दुसरा, दोन्ही काढून रस्त्याकडे झुकलेले टायर टाकायचे. डांबराचा प्रश्न पूर्ण सुटतो, पण ज्या चढावर गाडी पडली होती तो चढ तसाच राहतो. डॉक्टरांनी याला विरोध केला, आणि रास्त केला.

तिसरा, चाकांचे दोन जोड. हौशी मंडळी करतात. रिम, हब, डिस्क, स्पोक धरून खर्च मोठा, आणि एकाच फेरीत डांबर आणि चिखल दोन्ही लागत असतील तर त्याचा उपयोगच नाही. पाच मिनिटांत सोडला.

चौथा, पुढे बटण, मागे रस्त्याचा. अ‍ॅडव्हेंचर चालवणाऱ्या अनुभवी लोकांत हा जोड बराच चालतो आणि त्यामागे नीट विचार आहे. मागचा टायर डांबरावर लवकर झिजतो, पुढचा कमी. कच्च्यात मागचं चाक सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं तर माणूस पडतो. म्हणून पुढे चांगली बटणं. ज्याचा निम्मा रस्ता कच्चा आहे त्याला मी हेच सुचवेन. पण तोच तर्क डॉक्टरांच्या वहीला लावला की उलटा पडतो. त्यांचं पुढचं चाक सरकण्याची जागा चिखल नव्हे, ओलं डांबर होती.

पाचवा, दोन्हीकडे मधला टायर. ज्याला दुकानात साठ-चाळीस (साठ टक्के डांबर, चाळीस टक्के कच्चा) म्हणतात तो. मध्यभागी जवळजवळ बसवलेले मोठे ठोकळे, त्यांवर बारीक चिरा, कडेला मोकळ्या खाचा. चिखलात बटणापेक्षा कमी, डांबरावर रस्त्याच्या टायरपेक्षा किंचित कमी. पुढचा-मागचा एकाच कंपनीचा, एकाच जातीचा जोड असावा असंच टायर कंपन्या सांगतात, आणि ते पाळावं. दोन्हींची घडण वेगळी असली की गाडीचं वागणं सांगता येत नाही.

अडचण पैशाची होती. बटण टायरना महिनाही झाला नव्हता. दोन्ही एकदम बदलणं डॉक्टरांना जड होतं.

दुसरा निर्णय आणि कारवाई

ठरलं ते टप्प्याने. पुढचा टायर ताबडतोब मधल्या जातीचा, मागचं बटण झिजेपर्यंत तसंच. मागचा संपला की पुढच्याच्या जोडीचा. जोड सारखा असावा हे मान्य करूनही आम्ही दोन-तीन महिने विजोड चालवायचं ठरवलं, कारण ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकावर येतो आणि सरकत होतं तेही तेच. याचा धोका डॉक्टरांना स्पष्ट सांगितला: आता पुढचं चाक धरेल आणि मागचं आधी सुटेल. ओल्या उतारावर गिअर झटक्याने खाली टाकायचा नाही, क्लच हळू सोडायचा.

हवेचं वेळापत्रक कागदावर लिहून टाकीवर चिकटवलं. डांबरावर २५ आणि ३२; मागे माणूस असेल तर मागे थोडी जास्त. चिखलाच्या वाटेला लागण्याआधी पुढे २०, मागे २४. परत डांबराला लागताना बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंपाने पुन्हा पूर्ण. सुरुवातीला ते अठरापर्यंत उतरले आणि जांभ्याच्या दगडावर ट्यूब रिमखाली चिमटून दोन शेजारी-शेजारी भोकं पडली. ट्यूब असलेल्या चाकात फार खाली जाता येत नाही. हवा कमी असताना टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्हही मुळातून फाटतो. त्यानंतर वीसच्या खाली कधी नाही.

परिणाम

पुढचा टायर बदलल्यावर पहिल्याच आठवड्यात वळणांतला फरक डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितला: “आता चाक कुठं हाय ते हाताला कळायलंय.” बाकी पावसाळाभर पुढचं चाक एकदाही सरकलं नाही. मागचं दोनदा सुटलं, दोन्ही वेळा उतारावर, एकदा घाईत गिअर टाकल्याने आणि एकदा रोपलावणीच्या राडेवर. दोन्ही वेळा एबीएसचा संबंध नव्हता, इंजिनाच्या ओढीने चाक अडकलं होतं. सावरलं. पण हा विजोड जोड कुणी कायमचा म्हणून वापरू नये.

सप्टेंबरच्या अखेरीस मागच्या टायरची मधली बटणं डांबराने जवळजवळ खाल्ली होती, कडेची नवीच्या नवी. मागचा टायर मध्ये चपटा झाला की गाडी वळणात टाकताना अडते. शिवाय मागची उंची कमी झाल्याने पुढचा भाग तुलनेने वर राहतो आणि हँडल सुस्त होतं. तेव्हा ठरल्याप्रमाणे जोडीचा टायर टाकला. त्यानंतर ८० च्या वेगातही हँडल शांत राहिलं आणि वहिनी पुन्हा मागे बसू लागल्या.

चिखलात काय गमावलं, तेही लिहायला हवं. तो वाडीचा चढ मधल्या टायरवर, हवा कमी करून, कोरडा-ओला असताना चढतो. सलग तीन-चार दिवस धार लागली असेल तर चढत नाही. तेव्हा डॉक्टर गाडी खाली देवळापाशी लावतात, भांडं खांद्याला अडकवून वर चालत जातात. सुरुवातीला त्यांना हे कमीपणाचं वाटलं. गावकऱ्यांनी मात्र पुढच्या वेळी वरून कुणाला तरी भांडं घ्यायला पाठवलं.

वेगळं काय करता आलं असतं

वही मे महिन्यात, टायर घेण्याआधी व्हायला हवी होती. दोन आठवड्यांची नोंद फुकट असते आणि तिच्यामुळे एका टायरची किंमत वाचली असती. टायर बदलायचे तर एप्रिलमध्ये, म्हणजे पहिले शे-दीडशे किलोमीटर कोरड्यावर जातात. चाकं निघालीच आहेत तेव्हा कोनसेट, बेअरिंग आणि स्पोक बघून घ्यायचे. त्याला वेगळी मजुरी फारशी लागत नाही. आणि टायर बसवून घेताना ती बारीक रेघ स्वतः फिरवून बघायची. दुकानातला मुलगा घाईत असतो, आपण नसावं.

पुढचा टायर आधी बदलण्याच्या निर्णयावर माझ्या ओळखीतल्या एका जाणत्या मेकॅनिकचा आक्षेप आहे. त्यांचं म्हणणं, मागून सुटणारी गाडी नवख्याला पाडते, त्यामुळे पैसे उसने घेऊन दोन्ही एकदम बदलायला हवे होते. डॉक्टर वीस वर्षं गाडी चालवणारे नसते तर मीही तेच म्हटलं असतं. वहिनी त्या काळात मागे बसणार असत्या, तरीही तेच म्हटलं असतं.

हेच प्रकरण जिल्ह्याच्या पूर्वेकडे, अथणी किंवा गोकाकच्या काळ्या रानात घडलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. जांभ्याची लाल माती चाकाला लागते पण सुटूनही पडते. काळी माती चिकटते. बटणांमधल्या खाचा भरून टायर गोल गुळगुळीत होतो, मग मडगार्ड आणि चाक यांच्यात माती दाटून चाकच फिरत नाही. तिथं आधी मडगार्ड उंच करायचं, टायरचं नंतर बघायचं. ऊसतोडीच्या हंगामात तर तिकडे डांबरावरच ट्रॉल्यांनी आणलेल्या काळ्या मातीचे थर असतात.

आणि याच तालुक्यातलं एक उलटं उदाहरण. डॉक्टरांचा एक सहकारी जंगलपट्ट्यातल्याच गावात राहतो, त्याची गाडी हिरोची एक्सपल्स २००, पुढे २१ आणि मागे १८ इंची चाक. त्याच्या वहीत निम्म्याहून जास्त कच्चा रस्ता निघाला, बेळगावला तो महिन्यातून एखाद-दोनदाच येतो, आणि आला तर सकाळी उघडीप बघून. त्याच्या गाडीवर दोन्हीकडे बटण टायर आहेत. हवा आणि कोनसेट तपासून दिला, टायरला हात लावला नाही.